पाणवठ्याचे वाङ्मय : श्रम आणि अधिकार

पाणीटंचाई हा सामान्यतः भूगोलाचा आणि अर्थशास्त्राचा विषय मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र टंचाईग्रस्त प्रदेशाविषयी दोन प्रश्न विचारावे लागतात : पाणी कोण भरते आणि पाण्याला कोण शिवू शकते? पहिला प्रश्न श्रमाचा, दुसरा अधिकाराचा. या दोन प्रश्नांचे परस्परांशी नाते जसे असेल, तसे त्या समाजातील पाण्याविषयीच्या वाङ्मयाचे रूप ठरते.

तुलनेसाठी दक्षिण इथिओपिया व उत्तर केनिया येथील बोराना या पशुपालक समाजाकडे पाहता येईल. त्यांच्या 'तुला' विहिरी काही ठिकाणी तीस मीटरपर्यंत खोल आहेत. प्रामुख्याने तरुण पुरुष एकाखाली एक उभे राहून साखळी करतात. भांडी हातोहात वर येतात आणि गुरांच्या डोणीत रिती होतात. हे काम गाण्याच्या तालावर चालते, म्हणून 'गाणाऱ्या विहिरी' हे नाव त्यांना मिळाले. विहिरीवरील हक्क कुळाच्या नात्याने ठरतो आणि दररोजच्या पाळ्यांची व्यवस्था 'अब्बा हेरेगा' पाहतो. गाणारा येथे उपसणाराही असतो आणि हक्काच्या व्यवस्थेतील घटकही. घरचे पाणी दुरून वाहून आणणारी स्त्री मात्र या गाण्याच्या बाहेरच राहते.

मराठीत घरचे पाणी भरणे हे बहुतांशी स्त्रीचेच काम राहिले आहे. तिच्या गळ्याला अवसर मिळाला तो जात्यावर. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह हा या श्रमविश्वाचा मोठा दस्तऐवज आहे. एखाद्याच्या घरी 'पाणी भरणे' म्हणजे त्याचे दास्य पत्करणे, हा वाक्प्रचारही या श्रमाची प्रतिष्ठा सांगून जातो. पैठणच्या एकनाथांच्या घरी प्रत्यक्ष श्रीकृष्णाने श्रीखंड्या होऊन पाणी वाहिले, या आख्यायिकेचे सामर्थ्य त्यामुळेच कळते. देवाने सर्वांत हलके मानलेले काम स्वीकारले, हा तिचा आशय आहे.

अधिकाराचा प्रश्न मराठीत निराळ्या स्वरात आला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी प्रत्यक्षात पाणी बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर हल्ला झाला, तळ्याची 'शुद्धी' झाली, आणि न्यायालयीन लढ्याचा निकाल उच्च न्यायालयात १९३७ मध्ये लागला. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) अशा आत्मकथनांची परंपरा या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर वाचावी लागते.

ओवीचा अभ्यास लोकसाहित्यात आणि आत्मकथनाचा दलित साहित्यात, अशी विभागणी आपण सोयीसाठी केली. या विभागणीत दलित स्त्री हरवते. पाणी आणण्याची जबाबदारी तिची, पण पाणवठ्याला शिवण्याची मनाई. वरच्या जातीतील कोणी घागरीत पाणी ओतीपर्यंत तिला ताटकळावे लागे. श्रम आणि अधिकार हे दोन्ही प्रश्न तिच्या ठायी एकवटतात.

टंचाईचे रूप आता पालटले आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्याआधी मार्चमध्ये तेथे पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमान्वये जमावबंदी लागू झाली होती. ज्या जागेचे स्वरूपच माणसांनी एकत्र येण्याचे, तेथे एकत्र येणे निषिद्ध ठरले. दिल्लीतील संगम विहारासारख्या वस्त्यांमध्येही टँकरभोवतीची गर्दी पाळीच्या सामायिक नियमाने नव्हे, तर चढाओढीने बांधलेली दिसते. बोराना विहिरीवरील साखळीत प्रत्येकाचा हात दुसऱ्याच्या हाताला पूरक असतो. टँकरच्या नळीशी तो प्रतिस्पर्धी होतो.

म्हणून पाण्याविषयीच्या साहित्याची तुलना प्रतिमांच्या साम्यावर थांबू नये. कोणत्याही भाषेतील पाणवठ्याचे गीत वा कथन हाती घेतले, की त्यात बोलणारा माणूस पाणी भरणारा आहे, पाण्याचा हक्कदार आहे, की ताटकळणारा आहे, हे आधी पाहिले पाहिजे. मराठीपुरते सांगायचे तर ओवी आणि आत्मकथन शेजारी ठेवून वाचल्याविना पाणवठ्याचे वाङ्मय पूर्ण होत नाही.