टेकडीचा धडा

५ सप्टेंबर जवळ आला की शाळाशाळांतून शाल, श्रीफळ आणि गुलाबाच्या फुलांची तयारी सुरू होते. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा हा जन्मदिवस १९६२ सालापासून शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. शाल देण्यात गैर काहीच नाही. पण तीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त होणाऱ्या शिक्षकाबरोबर शाळेतून आणखी काय जाते, याचा विचार आपण क्वचितच करतो. परिसराच्या आधाराने त्याने घडवलेले धडे जातात. मुलांना कोठे न्यावे, काय दाखवावे, कोणता प्रश्न विचारावा, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेले नसते. म्हणून असे धडे जपणे हाही शिक्षकांचा सन्मानच होय. असा धडा कसा असतो, हे एका उदाहरणाने पाहू.

अंधेरीचा कातळ

अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत सुमारे ६१ मीटर उंचीचा एक काळा कडा उभा आहे. तो म्हणजे गिल्बर्ट हिल. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे आणि तेथवर पायऱ्या आहेत. कड्याकडे नीट पाहिले तर उभे दगडी खांब एकमेकांना चिकटून रचल्यासारखे दिसतात. हे खांब कोणी घडवले?

साधारण सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या प्रदेशात लाव्हारसाचे प्रचंड उद्रेक झाले. या भागातील बेसाल्ट खडकाचे नाते त्या काळाशी आहे. लाव्हा थिजून खडक झाला, तरी तो बराच काळ तप्त असतो. निवताना तो आकुंचन पावतो. पण सगळीकडून बांधलेला असल्याने त्याला सरकायला जागा नसते. मग ताण वाढतो आणि तडे जातात. तीन तडे एका बिंदूत सारख्या कोनाने, म्हणजे १२० अंशांनी मिळाले, की कमीत कमी लांबीच्या तड्यांत ताण मोकळा होतो. त्यामुळे खांब बहुधा षटकोनी होतात. निसर्गात पाच किंवा सात बाजूंचेही आढळतात. खडक जसजसा आत निवतो, तसतसे तडे आत शिरतात आणि खांब लांब होतात. उत्तर आयर्लंडचा ‘जायंट्स कॉजवे’ आणि अमेरिकेतील ‘डेव्हिल्स टॉवर’ येथेही असेच खांब आहेत.

वर्गात हे करून पाहता येते. कॉर्नफ्लॉवर आणि पाणी समप्रमाणात कालवून काचेच्या पेल्यात दोन-तीन सेंटिमीटर थर द्यावा. पेला जुन्या पद्धतीच्या, उष्णता देणाऱ्या बल्बखाली काही दिवस ठेवावा. एलईडी दिवा येथे उपयोगाचा नाही. दिव्याची जोडणी शिक्षकांनी स्वतः करावी. थर पूर्ण वाळल्यावर हलकेच फोडला, की आत काही मिलिमीटर जाडीचे खांब दिसतात. येथे उष्णतेऐवजी पाणी निघून जाते, एवढाच फरक. आकुंचनाची गोष्ट तीच. वरचे, लवकर वाळलेले खांब बारीक का आणि खालचे जाड का, हे मुलांनाच विचारावे.

दहावीचा वर्ग असेल तर कोनमापक आणि ओळंबा घेऊन टेकडीची उंची काढता येईल. दाट वस्तीमुळे पायथ्यापर्यंतचे अंतर मोजणे कठीण आहे. त्यामुळे दोन ठिकाणांहून उन्नतकोन घेण्याची खरी गरज येथे कळते आणि त्रिकोणमिती कोष्टकातून बाहेर येते.

या टेकडीभोवती अनेक वर्षे दगड काढला गेला. २००७ साली महापालिकेने तिला वारसास्थळाचा दर्जा दिला. कातळाला असे संरक्षण मिळू शकते. त्यावरच्या धड्याला ते कोण देणार?

भाषेची अडचण

परिसर दाखवला म्हणजे सारे झाले, असे मात्र नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली सुरू केलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आज मानखुर्दला आहे. केंद्राचे संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिका शाळांतील वंचित मुलांबरोबर काम केले. विज्ञान अवघड वाटण्यामागे अनेकदा विषय नसून पुस्तकाची भाषा असते, हे त्या कामातून पुढे आले. ‘स्तंभीय संधी’ हा शब्द आधी फळ्यावर लिहिला तर मूल तेथेच थांबते. आधी पेल्यातला तडा दाखवावा, मग शब्द द्यावा. हा क्रम अनुभवी शिक्षकाला ठाऊक असतो आणि नवख्याला तो कोणीतरी सांगावा लागतो.

शिक्षकांनी एकत्र येऊन काय उभे राहते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ सालापासून सहावी व नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेत आले आहे. लेखी परीक्षेपुढे तीत प्रयोग, कृतिप्रकल्प आणि मुलाखतही असते.

शाळेला काय करता येईल?

शाळेत एक साधी वही ठेवावी. प्रत्येक ज्येष्ठ शिक्षकाने आपले पाच परिसर-धडे तीत लिहावेत: इयत्ता, जागा, साहित्य, मुलांनी विचारलेले प्रश्न आणि फसलेले प्रयत्नसुद्धा. लिहायला वेळ नसेल तर नववीच्या मुलांनी त्यांना विचारून लिहून घ्यावे. धड्यावर शिक्षकाचे नाव असावे. पुढच्या शिक्षकाने तो वर्गात घेऊन पाहावा आणि खाली आपला अनुभव जोडावा. बोरिवलीच्या शाळेला कान्हेरीच्या लेण्यांतील पाण्याची टाकी आहेत, मुलुंड-घाटकोपरच्या शाळांना ठाण्याची खाडी आहे. प्रत्येक वहीत निराळे धडे भरतील. येत्या शिक्षकदिनी शाल अवश्य द्यावी. तिच्याबरोबर ही कोरी वहीही द्यावी आणि ती भरून परत मागावी.