कागद, कातर नि चिकटपट्टी

कातर प्रत्येक घरात असते. चिकटपट्टी असते, रंगीत कागदही असतो. पण ही तिन्ही एकाच वेळी, एकाच जागी हाताला लागली, असे तुमच्या घरी शेवटचे कधी झाले होते, आठवून पाहा बरे! मुंजीला निघायचे असते, रिक्षा खाली उभी असते आणि "अहो, चिकटपट्टी कुठे ठेवलीत?" या प्रश्नाला "मी कशाला ठेवू?" हे ठरलेले उत्तर बाहेरच्या खोलीतून येते. शेवटी ती सापडते चिरंजीवांच्या दप्तरात. आणि मग तिचे टोक सापडत नाही!

फोडणी करताना मोहरी एका खोलीत नि हळद दुसऱ्या खोलीत शोधत फिरणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. त्यासाठी मिसळणाचा डबा असतो. तसाच एक डबा भेटवस्तू बांधायच्या सामानासाठी हवा, एवढेच माझे म्हणणे. त्यात एक कातर, जिला दुसऱ्या कोणत्याही कामाला हात लावायचा नाही. एक चिकटपट्टी, जिच्या टोकाशी काडेपेटीतली काडी चिकटवून ठेवलेली. फुटपट्टी, पेन्सिल, सुतळीचा गुंडा, फिती, आणि नाव लिहायच्या चिठ्ठ्या. आहेराची पाकिटेही तिथेच. रुपयाचे नाणे आधीच चिकटवलेली पाकिटे हल्ली मिळतात. पण साधी पाकिटे असतील तर एका डबीत पाच-दहा सुटी नाणी बाजूला काढून ठेवावीत. ऐन वेळी पाचशे रुपये हाताशी असतात, वरचा एक रुपया नसतो!

डबा कसला? माझी पसंती पत्र्याच्या उथळ ट्रंकेला. पलंगाखाली सरकते, आणि झुरळांना दाद देत नाही. ट्रंक नसेल तर झाकणाचा मोठा पुठ्ठ्याचा खोका चालेल. बाजारात कागदाचा ताव साधारण 20 इंच रुंद नि 30 इंच लांब येतो. तो मधोमध एकदाच, अलगद दुमडून ठेवावा. घडी नखाने दाबू नये. दुमडायचा नसेल तर कापडाच्या दुकानातून ताग्यातली पुठ्ठ्याची नळी मागून आणावी. दुकानदार ती बहुधा फुकट देतो. कागद नळीवर नव्हे, नळीच्या आत गुंडाळून घालावा. म्हणजे तो मळत नाही, आणि नळी कपाटामागे उभी राहते. रबरबँड मात्र लावू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो विरघळल्यासारखा होऊन कागदाला चिकटतो. त्यापेक्षा जुन्या साडीच्या काठाची पट्टी बांधावी.

कागदाचे खरे शत्रू दोन: ओल आणि कसर. पावसाळ्यात ट्रंक बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. कसरीला खळ फार आवडते, म्हणून जुन्या कागदावर खळीने चिकटवलेले काही असेल तर तेवढा तुकडा कापूनच टाकावा. कडुलिंबाची वाळलेली पाने घालावीत. डांबराच्या गोळ्या नकोत. तुमच्या मिठाईच्या खोक्याला त्यांचा वास आला, तर पाहुणे काय म्हणतील?

कागद कापताना आपण जो अंदाज करतो, त्यात निम्मा वाया जातो. समजा, खोका 10 इंच लांब, 8 इंच रुंद नि 2 इंच उंच आहे. त्याच्या आडव्या अंगाभोवती सुतळी फिरवली की 20 इंच भरते. त्यात 2 इंच मिळवा. लांबीच्या दोन्ही टोकांना दीड-दीड इंच पुरतो. म्हणजे 22 बाय 13 इंचांचा तुकडा झाला. एका तावातून तो काढून जे उरते, त्यात पेनाची डबी सहज बसते.

हा रंगीत कागदाचा थाट तसा जुना नाही, बरे का! अमेरिकेत कॅन्सस सिटीला हॉल बंधूंच्या दुकानात 1917 च्या नाताळात पातळ कागद संपले, तेव्हा त्यांनी पाकिटांच्या अस्तराचे नक्षीदार फ्रेंच कागद विकायला काढले, आणि तेच इतके खपले की त्यातून नवा धंदा उभा राहिला. पारदर्शक चिकटपट्टी आली 1930 साली. आपल्या आज्यांचे त्यावाचून काही अडले नव्हते. खणाची त्रिकोणी घडी स्वतःच देखणी असते. फराळाच्या ताटावर विणलेला रुमाल पडे, आणि ताट परत येताना रिकामे येत नसे. जपानात वस्तू कापडात बांधण्याची 'फुरोशिकी' नावाची जुनी रीत आहे. 2006 साली तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी तिचा मुद्दाम प्रचार केला.

जुना कागद ठेवावा की टाकावा? मुठीत चुरगाळून पाहा. चुरगळलेलाच राहिला तर तो कागद. पुन्हा उलगडू लागला तर त्यात बहुधा प्लास्टिक आहे, आणि असल्या चकचकीत कागदाचा पुन्हा लगदा होत नाही. तेव्हा तो विकतच आणू नये. चांगल्या कागदावर वर फडके घालून कोमट इस्त्री फिरवावी. मी मागच्या बाजूला पेन्सिलीने तो कोणाकडून आला ते लिहून ठेवते. मामींचा कागद मामींकडेच जायला नको!

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? दिवाळीत साहेबांच्या घरी जाणाऱ्या सुक्या मेव्याला सोनेरी फीत लागते. आणि बारा महिने आपली भांडी घासणाऱ्या मावशींची साडी दुकानाच्या पिशवीतून, दारातल्या दारात दिली जाते. त्यामागे मनाचा कोतेपणा असतोच असे नाही. पुष्कळदा सामान शोधायचा कंटाळा असतो. सामान एका जागी असले की पाच मिनिटांचे काम. आमच्याकडे मावशींची साडी प्रथम कागदात बांधून, फीत लावून हातात दिली, तेव्हा त्यांनी विचारले, "ताई, हे कुणाकडे पोचवायचंय?"

मी चिठ्ठीवरचे नाव दाखवले. त्यांनी तिथे काही ते उघडले नाही. पदराखाली धरून नेले. दुसऱ्या दिवशी साडीबद्दल त्या एकच वाक्य बोलल्या, कागदाबद्दल मात्र पुष्कळ. तो त्यांच्या नातीने वहीला घातला होता. तेव्हापासून चिठ्ठ्या लिहायला बसते तेव्हा पहिली त्यांचीच लिहिते.

आता एक पथ्य. ट्रंकेचे झाकण लागेनासे झाले की नवा ताव आणायचा नाही. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा पुण्यात बोहरी आळीत गेले की हात आवरत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून निघण्यापूर्वी ट्रंक उघडून पाहावी. दिवाळीच्या आवराआवरीत ती रिकामी करावी, पुसावी, दोन तास उन्हात ठेवावी. वीतभराहून लहान तुकडे निघतील, ते मुलांपुढे टाकावेत. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांना त्यांच्यासारखा कागद नाही; फक्त त्या वेळी ट्रंकेतली कातर द्यायची नाही, दुसरी द्यायची.