एकटेपणावर रंधा

मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे टेकडीवर पूर्णगडचा छोटेखानी किल्ला आहे आणि खाली खाडीच्या काठाने गाव वसले आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या अशा गावांत सुताराचा हात घरावरही दिसे आणि पाण्यावरही. घराचे वासे, दारे, झोपाळे, देव्हारे त्याचेच आणि मासेमारीची होडीही त्याचीच. आता किनाऱ्यावर फायबरच्या होड्या वाढल्या आहेत. दारे-खिडक्या तयार मिळतात. अनेक घरांत रंधा, पटाशी आणि गिरमिट माळ्यावर गंजत पडले आहेत.

याच गावांतली दुसरी गोष्ट आरोग्याशी थेट जोडलेली आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर आली. तरुण मुंबई-पुण्याला जातात, मागे राहतात ती वयस्कर माणसे. निवृत्तीनंतर मुंबईहून गावी परतलेल्यांना घर मिळते, बाग मिळते, पण रोजची सोबत मिळतेच असे नाही. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी टीव्ही. ‘कसे आहात?’ या प्रश्नाचे उत्तर ‘बरं चाललंय’ असे येते आणि बोलणे तिथेच संपते.

एकटेपणाचा त्रास मनापुरता राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ मधील अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि वर्षाला अंदाजे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. त्याआधी २०१० मध्ये १४८ अभ्यासांमधील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून तपासली गेली. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. याची कारणे अनेक आहेत. सततच्या ताणाने रक्तदाब वाढतो, झोप बिघडते, हालचाल कमी होते. गोळी घ्यायची राहिली किंवा पाय सुजला, तर ते लक्षात आणून देणारे कोणी जवळ नसते.

बोलण्यासाठी निमित्त

‘लोकांत मिसळा’ हा सल्ला देणे सोपे आहे, पाळणे अवघड. विशेषतः पुरुषांना नुसते गप्पा मारायला जाणे जमत नाही, हाताला काम असले की जमते. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात हे ओळखून ‘मेन्स शेड’ म्हणजे सामाईक कार्यशाळा सुरू झाल्या. निवृत्त माणसे तिथे येतात, एकत्र लाकूडकाम करतात, मोडके दुरुस्त करतात, एकमेकांकडून शिकतात. आज त्या देशात अशा हजाराहून अधिक शेड आहेत आणि ब्रिटन-आयर्लंडमध्येही ही पद्धत रुजली आहे. त्यामागचे सूत्र साधे आहे. समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते शेजारी उभे राहून फळी तासताना सहज बोलले जाते. मग पत्नीचे आजारपण, लघवीचा त्रास, मुलाची काळजी, सगळे हळूहळू बाहेर येते.

या कार्यशाळांवरचे बरेच अभ्यास लहान आहेत आणि सदस्यांनी स्वतः सांगितलेल्या अनुभवांवर आधारलेले आहेत, हे खरे. मात्र हस्तकौशल्याविषयी स्वतंत्र पुरावाही आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८५ वर्षे व त्यापुढील २५६ जणांचा सरासरी चार वर्षे पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मध्यम वयात आणि म्हातारपणीही लाकूडकाम, मातीकाम, शिवणकाम यांसारखी कामे करणाऱ्यांमध्ये स्मरणशक्ती व विचारशक्ती मंदावण्याचा धोका ४५ टक्क्यांनी कमी आढळला. लोकांत मिसळणाऱ्यांमध्ये तो ५५ टक्क्यांनी कमी होता. अर्थात ज्यांची प्रकृती चांगली तेच अशी कामे अधिक करतात, हीही शक्यता असते. त्यामुळे हे औषध म्हणून विकता येणार नाही. पण गटात बसून लाकूडकाम करताना या दोन्ही गोष्टी एकदम साधतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

लाकूड डोक्याला काम देते

लाकूड हे आज्ञाधारक साहित्य नाही. पावसाळ्यात कोकणातले दार का अडते? लाकडाच्या पेशींच्या भिंती हवेतली आर्द्रता शोषतात आणि फळी फुगते. ती लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. त्यातही वर्तुळाकार वलयांच्या दिशेने होणारी वाढ ही गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने होणाऱ्या वाढीच्या साधारण दुप्पट असते. म्हणून फळी कशी चिरली आहे यावर ती किती वाकेल हे ठरते. अनुभवी सुतार हे सूत्र न मांडता फळीचे टोक पाहून सांगतो आणि चैत्रात दार बसवताना श्रावणासाठी फट सोडतो. शिकणाऱ्याला मोजावे लागते, आधी कोणता काप घ्यायचा ते ठरवावे लागते, चुकले तर मार्ग काढावा लागतो. डोळा, हात आणि मेंदू एकत्र कामाला लागतात.

हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या सुतारांच्या घरातच राहिले. इतरांनी ते शिकायचे नाही आणि बायकांनी तर नाहीच, अशी रीत होती. सामाईक कार्यशाळेत ती रीत मोडते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले-मुली हाताने काम करत तंत्रज्ञान शिकतात. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे गोव्यात गेलेल्या ‘मेकर्स असायलम’मध्ये यंत्रे आणि अवजारे सामाईक असतात आणि नवखाही शिकू शकतो. पूर्णगडसारख्या गावाला एवढा पसारा लागत नाही. एक पडवी, दोन मजबूत टेबले आणि आठवड्यातली ठरलेली दोन वेळची बैठक पुरे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ठरवावी. शिकवणारे सुतारकाका त्यांचे पोट याच कामावर भरत असतील, तर त्यांना मानधन द्यावे. इतरांचा विरंगुळा त्यांच्या फुकट श्रमावर उभा राहू नये.

भुसा, आवाज आणि बोटे

लाकडाचा बारीक भुसा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत टाकले. वर्षानुवर्षे फर्निचरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांमध्ये नाकाचा एक दुर्मीळ कर्करोग आढळला होता. आठवड्यातून दोनदा येणाऱ्याला एवढा धोका नसतो, पण दमा व त्वचेचा त्रास होऊ शकतो. साग आणि शिसवीच्या भुशाने काहींना खाज सुटते. होडीच्या लाकडाला लावले जाणारे काजूच्या टरफलांचे तेल तर कातडी भाजते.

म्हणून घासकाम उघड्यावर किंवा वाऱ्याच्या दिशेने करावे आणि नाकावर रुमालाऐवजी एन-९५ मास्क लावावा. भुसा केरसुणीने झाडला की तो पुन्हा हवेत उडतो, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसावा. आवाजाचा नियमही सोपा आहे. ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलच्या यांत्रिक करवतीजवळ कान उघडे ठेवून पंधरा मिनिटे पुरे. कानात बोळे हवेतच. सुरुवात हातअवजारांनी केली तर आवाज, धूळ आणि खर्च तिन्ही कमी राहतात.

फिरत्या पात्याजवळ हातमोजे, ओढणी, सैल बाही नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मधुमेहामुळे बोटे बधिर झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. धनुर्वाताचे इंजेक्शन दहा वर्षांत घेतले आहे का, ते पाहावे. दुर्दैवाने बोट तुटलेच, तर तुकडा स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. जखमेवर दाब देऊन तातडीने रुग्णालय गाठावे. रत्नागिरी शहर गावापासून लांब आहे, तेव्हा गाडी कोणाची आणि फोन कोणाला, हे भिंतीवर आधीच लिहून ठेवावे.

सुरुवातीला मोठे काही करू नये. अंगणवाडीचा मोडका बाक, देवळातला पाट, आजीसाठी न्हाणीघरातला दांडा अशा छोट्या कामांतून हात बसतो आणि गावालाही उपयोग होतो. गणपतीला चाकरमानी आले की नातवंडांसाठी एक दिवस टेबल मोकळे ठेवावे. आणि हजेरीची वही मात्र जरूर ठेवावी. सलग दोन वेळा कोणी आले नाही, तर संध्याकाळी एकाने त्याच्या घरी जाऊन यायचे. या सगळ्या खटाटोपातला आरोग्याचा सर्वात मोठा लाभ कदाचित त्या वहीतच असेल.