डास पकडून काय करतात?

आमच्या गावात आरोग्यसेवक दादा येतात आणि बॅटरी लावून घराघरातल्या रांजणात बघतात. मी विचारले, तर म्हणाले, "डास कोणत्या जातीचा, ते बघतो." मला हसूच आले. डासाला पण जात! मग गुरुजींनी वर्गात सगळे सांगितले, ते लिहिते.

पुण्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. ती १९५२ साली सुरू झाली. जून २०२४ मध्ये पुणे शहरात एरंडवणे भागात झिका तापाचे रोगी सापडले. तेव्हा तिथले डास पकडून या संस्थेत तपासायला पाठवले.

रोगी सोडून डास कशाला? तर झिका झाला तरी पुष्कळ लोकांना काहीच होत नाही, ते दवाखान्यात जातच नाहीत. पण पोटात बाळ असलेल्या बाईला झाला, तर बाळाचे डोके लहान राहू शकते. माझ्या काकूला बाळ होणार आहे, म्हणून मला ऐकून भीती वाटली.

डास पकडायला एक नळी असते. तोंडाने हवा ओढली की भिंतीवरचा डास नळीत येतो. मधे बारीक जाळी असते, नाहीतर पोटातच जायचा! डास थंड पेटीत ठेवतात. नर बाजूला काढतात, कारण मादीच चावते. एकेक तपासायला फार वेळ लागेल, म्हणून एका जागच्या, एका जातीच्या बऱ्याच माद्या एकत्र चटणीसारख्या वाटतात आणि त्यात विषाणू आहे का बघतात. सापडला, तर कोणत्या वस्तीतला ते कळते.

या डासाचे नाव एडिस. अंगावर पांढरे पट्टे, दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. डेंगी आणि चिकनगुनिया पण हाच पसरवतो. तो खेड्यात पण असतो आणि लांब उडत नाही. म्हणजे आमच्या घरातला डास आमच्याच नाहीतर शेजारच्या रांजणातला!

घरी येऊन बघते तर रांजणात अळ्या वळवळत होत्या. माय म्हणाली, "एवढं लांबून आणलेलं पाणी फेकू कशी?" मग आम्ही ते फडक्याने गाळून हंड्यांत घेतले आणि अळ्या उन्हात मातीवर टाकल्या. पण तेवढ्याने होत नाही. अंडी रांजणाला आतून चिकटतात आणि पाण्याशिवाय कित्येक महिने जगतात. म्हणून आतून घासावे लागते. मायला हे पटत नव्हते. आता दर रविवारी मीच काथ्याने घासते. रांजण मोठा आहे, डोके आत घालावे लागते, आणि काही बोलले की आवाज घुमतो.