ओळख आणि पत : संकेतस्थळांवरील व्यावसायिक परिचयाचा शिष्टाचार

चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरी हे मूळचे तळ्याकाठचे, चोलकालीन दंडीश्वर मंदिराचे गाव. शेजारच्या तरमणी येथे २००० मध्ये टायडल पार्क उभे राहिले, २००७ मध्ये चेन्नई बीचहून येणारी उन्नत रेल्वे वेलचेरीपर्यंत पोहोचली आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणाऱ्या असंख्य तरुणांचे हे वसतिस्थान झाले. त्यांत नाशिक, सांगली, लातूर, अमरावती अशा ठिकाणांहून आलेले मराठी तरुण-तरुणीही आहेत. भाषा नवी, शहर नवे, माणसे नवी. आपल्या गावी असताना नोकरीची खबर वडिलांच्या मित्राकडून, मामांकडून किंवा महाविद्यालयातील सरांकडून कानी येत असे. येथे मात्र शेजारच्या सदनिकेत कोण राहते, हेही ठाऊक नसते.

अशा एखाद्या तरुणाचा कंत्राटी कामाचा करार संपत आलेला असतो. भाड्याची तारीख जवळ येते, गावी पाठवायचे पैसे डोळ्यांसमोर असतात. तो रात्री संगणकासमोर बसतो आणि व्यावसायिक परिचयाच्या संकेतस्थळावर पन्नास अनोळखी व्यक्तींना एकाच मजकुराचे निमंत्रण धाडतो. दोघे-तिघे ते स्वीकारतात. लगेच त्यांना दुसरा संदेश जातो : ‘सर, जागा असल्यास कळवा.’ उत्तर कोणाचेच येत नाही. तरुणाला वाटते, लोक मोठे शिष्ट आहेत. शिष्टाचार मात्र त्याच्याही हातून राहून गेलेला असतो.

खाते उघडताना लागणारी सही

बँकेच्या जुन्या ग्राहकांना एक गोष्ट आठवत असेल. पूर्वी खाते उघडायचे म्हणजे अर्जावर एखाद्या जुन्या खातेदाराची ओळखीदाखल सही लागत असे. नव्या गावात बदलून आलेल्या माणसाला अशी सही देणारा शोधताना नाकी नऊ येत. सही देणाराही चार प्रश्न विचारून मगच लेखणी उचलत असे, कारण त्या सहीमागे त्याची स्वतःची पत उभी असे. कालांतराने छायाचित्र, पत्त्याचा पुरावा आणि ओळखपत्रे यांची पद्धत रूढ झाली आणि डिसेंबर २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने खाते उघडण्यासाठी अशी ओळख आवश्यक नसल्याचे स्पष्ट केले.

बँकेच्या खिडकीवरून ती सही गेली. व्यवहारातून मात्र गेलेली नाही. संकेतस्थळावर आपण कोणाला परिचितांच्या यादीत घेतो, कोणाची शिफारस करतो, कोणाचे नाव पुढे पाठवतो, तेव्हा आपण अशीच सही करीत असतो. या क्षेत्रातील शिष्टाचाराचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात : ओळख मागणे म्हणजे दुसऱ्याची पत थोड्या काळासाठी उसनी मागणे होय.

दूरची ओळख का उपयोगी पडते?

लिंक्डइन हे या प्रकारातील सर्वांत मोठे संकेतस्थळ मे २००३ मध्ये सुरू झाले. २०२३ मध्ये त्याची जगभरातील सदस्यसंख्या १०० कोटींवर आणि भारतातील सदस्यसंख्या १० कोटींवर गेली. परंतु त्यामागील तत्त्व संकेतस्थळांहून जुने आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात असे दाखवले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती खबर जिवलग मित्राकडून मिळाली नव्हती. अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या व्यक्तीकडून मिळाली होती. कारण साधे आहे. आपल्या जवळच्या माणसांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी खबर दुसऱ्या वर्तुळातून येते.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांच्या पाच वर्षांतील माहितीवर हे तत्त्व पडताळून पाहण्यात आले. अगदी जवळची नव्हे आणि अगदी परकीही नव्हे, अशी मध्यम दूरची ओळख नोकरी बदलताना सर्वाधिक उपयोगी ठरते, असे त्यात दिसून आले. संगणकीय व्यवसायांत तर दूरच्या ओळखीचा लाभ अधिक होतो. वेलचेरीतील तरुणाने अनोळखी व्यक्तींना लिहिले, यात म्हणूनच काही वावगे नव्हते. कसे लिहिले, हा प्रश्न आहे.

एका कारकुनाचे पत्र

याचे उत्तर याच शहरात एका शतकापूर्वी दिले गेले आहे. श्रीनिवास रामानुजन नोकरीच्या शोधात असताना १९१० मध्ये त्यांची गाठ नेल्लोरचे जिल्हाधिकारी आणि गणिताचे व्यासंगी आर. रामचंद्र राव यांच्याशी पडली. ही भेट रावांच्या नात्यातील, स्वतः गणित न जाणणाऱ्या एका तरुणाने घडवून आणली होती. रावांनी त्यांना काही काळ दरमहा २५ रुपये दिले. मार्च १९१२ मध्ये रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात ३० रुपयांवर कारकून झाले. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. ओळख नव्हती, मध्यस्थ नव्हता, पदवीही नव्हती.

त्या पत्राची मांडणी आजही पाहण्यासारखी आहे. आरंभीच त्यांनी आपण कोण, कोठे काम करतो, पगार किती आणि शिक्षण कोठपर्यंत झाले, हे सरळ सांगितले. पदवी नसल्याचे लपवले नाही. मग आपण कशावर काम करतो ते सांगून शंभराहून अधिक निष्पत्ती सोबत जोडल्या. मागणी मर्यादित होती : हे वाचावे, मोलाचे वाटल्यास प्रसिद्ध करण्यास साहाय्य करावे. नोकरी मागितली नाही. ८ फेब्रुवारीला हार्डींनी उत्तर लिहिले आणि सिद्धता मागितल्या. पुढच्या वर्षी रामानुजन इंग्लंडला रवाना झाले.

तरीही एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्याआधी केंब्रिजमधील अन्य दोन गणितज्ञांना लिहिलेल्या पत्रांतून काहीच निष्पन्न झाले नव्हते. रामानुजन यांनी त्याचा राग धरला नाही, तिसरे पत्र लिहिले.

निमंत्रण पाठवताना

प्रत्येकाला रामानुजन यांची प्रतिभा लाभत नाही, त्यांची पत्ररीत मात्र उचलता येते. आपले नाव, सध्याचे काम आणि शिक्षण खरे लिहावे. न केलेल्या कामाचा अनुभव जोडणे म्हणजे खोटा पुरावा देणेच होय. छायाचित्र स्पष्ट व साधे असावे. लग्नसमारंभातील गटाचे छायाचित्र कापून लावू नये.

निमंत्रणासोबत दोन-तीन वाक्ये अवश्य लिहावीत. उदाहरणार्थ : ‘नमस्कार. मी तरमणी येथे सॉफ्टवेअर चाचणीचे काम करतो. भरणा प्रणालींच्या सुरक्षेवरील आपला लेख वाचला. त्यातील दुसऱ्या मुद्द्याचा मला कामात उपयोग झाला. आपल्या परिचितांत समाविष्ट केल्यास आभारी राहीन.’ एवढे वाचायला अर्धे मिनिट पुरते आणि समोरच्याला तीन गोष्टी कळतात : हा कोण, आपल्याकडेच का आला आणि काय हवे आहे. निमंत्रण स्वीकारले गेल्यावर त्याच क्षणी नोकरी मागणे म्हणजे ‘पी हळद नि हो गोरी’ असा प्रकार होय. एखादा नेमका प्रश्न विचारावा, उत्तर आल्यास आभार मानावेत, न आल्यास पंधरवड्याने एकदाच स्मरण द्यावे. त्यानंतर गप्प राहणे, हाच सभ्यपणा.

तमिळ सहकाऱ्यांना लिहिताना नावाकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे आडनावाची चाल फारशी नाही. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर किंवा पूर्ण नाव आधी येते आणि स्वतःचे नाव नंतर. बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांचे स्वतःचे नाव आनंद आहे, विश्वनाथन हे वडिलांचे. त्यामुळे मराठी सवयीने शेवटचे नाव आडनाव समजणे किंवा पहिले नाव व्यक्तीचे समजून जवळीक दाखवणे, दोन्ही फसतात. शंका असल्यास ‘आपणांस कोणत्या नावाने संबोधावे?’ असे विचारण्यात कमीपणा नाही.

शिफारस देताना आणि घेताना

ज्याचे काम आपण पाहिलेले नाही, त्याची शिफारस करू नये. ‘तुम्ही माझी करा, मी तुमची करतो’ या देवाणघेवाणीतून दोघांचीही पत उतरते. नकार द्यावा लागला तर कारण सौम्य शब्दांत सांगावे : ‘आपल्यासोबत काम करण्याचा योग आला नाही, त्यामुळे लिहिणे उचित होणार नाही.’ कोणाची तिसऱ्या व्यक्तीशी गाठ घालून द्यायची असल्यास दोघांची संमती आधी घ्यावी, मगच पत्ते व क्रमांक द्यावेत.

ओळखीतून काम झाले की कळवण्याचे अनेकांच्या ध्यानातच राहत नाही. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण अशांसाठीच आहे. काम झाले किंवा न झाले, सही देणाऱ्याला त्याचा शेवट कळायलाच हवा. पुढच्या गरजूसाठी तो पुन्हा लेखणी उचलेल की नाही, हे त्यावर ठरते.

बँक कर्मचारी आणि ग्राहक यांच्यासाठी

बँकेत काम करणाऱ्यांवर आणखी एक बंधन आहे. ग्राहकाचे नाव, त्याला मिळालेले कर्ज, त्याच्या ठेवी यांचा उल्लेख कौतुकाच्या हेतूनेही संकेतस्थळावर करू नये. वैयक्तिक मत आणि बँकेची अधिकृत भूमिका यांत अंतर राखावे. एखाद्या ग्राहकाने तेथे खात्याविषयी विचारल्यास त्याला नम्रपणे शाखेकडे किंवा बँकेच्या अधिकृत तक्रार व्यवस्थेकडे वळवावे. ग्राहकांनीही रागाच्या भरात तक्रारीसोबत खाते क्रमांक किंवा भ्रमणध्वनी क्रमांक जाहीरपणे लिहू नये. तो मजकूर वाचणाऱ्यांत ठकसेनही असतात.

ओळखीचा चोर

‘ओळखीचा चोर जिवे न सोडी’ असे जुने लोक म्हणत. नोकरीच्या शोधातील माणूस अशा चोराला सहज सापडतो. नामांकित कंपनीचा मनुष्यबळ अधिकारी म्हणून कोणी संपर्क साधतो, लगेच दुसऱ्या संदेशसेवेवर बोलावतो, मुलाखत नावापुरती घेतो आणि नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा संगणकाची अनामत मागतो. नोकरी देण्यासाठी पैसे मागणाऱ्याशी संभाषण तेथेच थांबवावे. कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर ती जागा आहे का, हे स्वतः पाहावे.

याहून घातक प्रकार म्हणजे ‘आमचे पैसे तुमच्या खात्यात येतील, ते पुढे पाठवा, मोबदला घ्या’ हा प्रस्ताव. असे पैसे बहुधा दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीतून आलेले असतात. खाते गोठवले जाते आणि चौकशी खातेदाराची होते. खाते कोणालाही वापरायला देऊ नये. ओटीपी, पिन किंवा पडदा दाखवणारे ॲप यांची मागणी झाल्यास बँकेला तत्काळ कळवावे. फसवणूक झालीच तर लाजून वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढे जाण्याआधी रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

पाणी चढले तेव्हा

ओळखीची कसोटी नोकरीच्याच वेळी लागते असे नाही. १ डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीत वेलचेरी हा चेन्नईतील सर्वाधिक झळ बसलेल्या भागांपैकी एक होता. त्या दिवसांत स्वयंसेवकांनी एक संकेतस्थळ उभारून मदत हवी असलेल्यांची आणि ती देऊ शकणाऱ्यांची माहिती एकत्र केली. शहराबाहेर बसलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी या कामात हात दिला. अशा वेळी वेळ, ठिकाण आणि गरज नेमकी लिहिणे, मदत मिळताच तसे नोंदवणे आणि खातरजमा न झालेला मजकूर पुढे न ढकलणे, हा शिष्टाचार जीवनमरणाचा होतो. कारण जुन्या संदेशामागे धावलेली नाव दुसऱ्या दारी उशिरा पोहोचते.

नेमकेपणा, खरेपणा, दुसऱ्याच्या वेळेची कदर आणि कृतज्ञता या सवयी संकटात एकाएकी येत नाहीत. त्या रोजच्या साध्या संदेशांतून लागतात. मराठीत ‘पत’ हा शब्द कर्जाच्या पात्रतेसाठी वापरतात, तसाच माणसाच्या विश्वासार्हतेसाठीही वापरतात. वेलचेरीतील तरुणाने पन्नास जणांना एकच मजकूर पाठवण्याऐवजी पाच जणांना त्यांचे काम वाचून लिहावे. कदाचित एकाचेच उत्तर येईल. ते आले की आपल्या नावावर पहिली ठेव जमा झाली असे समजावे आणि पुढे एखादा नवखा आपल्याकडे ओळख मागत आला, तर त्यातून त्यालाही काही द्यावे.