सामुदायिक महाविद्यालयांतील वाहतूक नियमन
अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयांच्या आवारातील वाहनांची ये-जा, वाहनतळ व पादचाऱ्यांची सुरक्षितता यांविषयीची व्यवस्था. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये निघालेले महाविद्यालय हे अशा सार्वजनिक संस्थांतील आद्य मानले जाते. येथील अभ्यासक्रम मुख्यत्वे दोन वर्षांचे असतात. बहुसंख्य महाविद्यालयांना वसतिगृहे नसतात व नोकरी सांभाळून शिकणारे अनेक विद्यार्थी मोटारीने येतात. त्यामुळे वाहनतळाची सोय व त्याचे शुल्क यांचा त्यांच्या शिक्षणाशी निकटचा संबंध येतो.

या नियमांस राज्याच्या कायद्याचा आधार असतो. उदा., कॅलिफोर्नियात वाहन संहितेच्या कलम २१११३ नुसार महाविद्यालयाच्या नियामक मंडळास आवारापुरते नियम करता येतात. परवानाशुल्क शिक्षण संहितेच्या कलम ७६३६० नुसार घेतात. त्याचा विनियोग वाहनतळाच्या सेवा किंवा सार्वजनिक वाहनांच्या प्रवासखर्चात सवलत यांसाठीच करता येतो. आर्थिक साहाय्य मिळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शुल्कास आणखी कमी मर्यादा आहे. दंड अमान्य असल्यास सूचनेपासून २१ दिवसांत फेरविचार मागता येतो. प्रशासकीय सुनावणी व न्यायालय हे त्यापुढील टप्पे होत.

कर्मचारी, विद्यार्थी व अभ्यागत यांच्या जागा सामान्यतः वेगळ्या राखतात. अग्निशामक बंबाचा मार्ग अडविण्यास मनाई असते. २०१० च्या संघीय मानकांनुसार १०० जागांच्या वाहनतळात किमान ४ जागा अपंगांसाठी ठेवणे आवश्यक असते.

मोटारीतून उतरताच चालक पादचारी होतो आणि तासिका सुटताना वाहने व माणसे एकाच जागेत मिसळतात. एएए वाहतूक सुरक्षा प्रतिष्ठानाच्या २०११ मधील अभ्यासानुसार ताशी २३ मैल (सु. ३७ किमी.) वेगाच्या मोटारीची धडक बसलेल्या पादचाऱ्यास मृत्यूचा सरासरी धोका १० टक्के असतो, ३२ मैलांस (सु. ५१ किमी.) तो २५ टक्के व ४२ मैलांस (सु. ६८ किमी.) ५० टक्के होतो. म्हणूनच आवारात कमी वेगमर्यादा, गतिरोधक, उंच केलेले पादचारी-पट्टे व पुरेसा प्रकाश यांवर भर देतात.

थकलेल्या दंडासाठी पुढील सत्राची नोंदणी रोखण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. लहानशा रकमेपायी शिक्षण खंडित होण्याचा संभव असल्याने तीवर टीका होते. शिस्त राखतानाच विद्यार्थ्यास वर्गापर्यंत सुखरूप पोहोचता यावे, ही या नियमांची खरी कसोटी होय.