पहिला चेंडू आणि उरलेले ४१९

३ ऑगस्ट १९९७. कोलंबोतल्या प्रेमदासा मैदानावर भारत आणि श्रीलंका यांच्यातल्या कसोटीचा दुसरा दिवस संपत आला होता. सिद्धू, तेंडुलकर आणि अझरुद्दीन यांच्या शतकांच्या जोरावर भारताने ८ बाद ५३७ वर डाव सोडला होता. श्रीलंकेच्या ३९ धावा झाल्या असताना कर्णधार तेंडुलकरने डोंबिवलीच्या एका चोवीस वर्षांच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाकडे चेंडू दिला. नीलेश कुलकर्णीचा तो पहिलाच कसोटी सामना. त्याच्या पहिल्याच चेंडूवर मर्वन अटापट्टूचा झेल यष्टिरक्षक नयन मोंगियाच्या हातात गेला. कसोटीतल्या आपल्या पहिल्या चेंडूवर बळी घेणारा कुलकर्णी हा पहिला भारतीय.

पुढचे दोन दिवस भारताला एकही बळी मिळाला नाही. सनथ जयसूर्या आणि रोशन महानामा तिसरा दिवस खेळले, चौथा दिवस खेळले, आणि पाचव्या दिवशी सकाळी मैदानात उतरले तेव्हा धावफलकावर १ बाद ५८७ होते. त्यांची भागी ५७६ धावांची झाली. जयसूर्या ३४०, महानामा २२५. श्रीलंकेने अखेर ६ बाद ९५२ धावा केल्या. कसोटीच्या इतिहासात एका डावात इतक्या धावा कोणत्याच संघाने केलेल्या नाहीत. कुलकर्णीने त्या डावात ७० षटके टाकली, १९५ धावा दिल्या, आणि बळी मिळाला तो एकच, पहिल्या चेंडूचा. उरलेले ४१९ चेंडू कोरडे गेले. पुढे तो आणखी दोनच कसोट्या खेळला. एकूण बळी २, दिलेल्या धावा ३३२, म्हणजे एका बळीची किंमत १६६ धावा.

मी शाळेत असल्यापासून वर्तमानपत्रांतली कात्रणे चिकटवून वह्या भरत आलो आहे. त्यांतली एक वही फक्त पदार्पणांची आहे. पालमसारख्या गावात बसून क्रिकेटचा अभ्यास करायचा तर रेडिओ, वर्तमानपत्र आणि चिकाटी एवढीच साधने होती. या वहीकडे नव्याने बघावेसे वाटले ते मात्र बेसबॉलमुळे. अमेरिकेत नोकरीला असलेल्या भाच्याने येताना त्या खेळाच्या विक्रमांचे एक जाडजूड पुस्तक आणले. आपल्याकडे बेसबॉल कोणी पाहत नाही, म्हणून थोडे सांगतो. समोरून फेकलेला चेंडू फलंदाजाने हद्दीच्या दोन रेषांच्या आत ठेवून कुंपणापलीकडे घालवला, की त्याला ‘होमरन’ म्हणतात. आपल्या षटकाराचा तो भाऊ, पण जास्त दुर्मीळ. फलंदाजाला एका सामन्यात साधारण चार वेळा संधी मिळते, आणि आजच्या काळातही तीसएक संधींमागे एकदा होमरन बसतो. कारकिर्दीतल्या अगदी पहिल्या संधीला होमरन मारणाऱ्यांची यादी तिथले लोक फार मायेने जपतात. आजवर वीस हजारांहून जास्त खेळाडू तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत खेळले. त्यांत असे सव्वाशेहून अधिक निघतात.

त्या यादीत मला आमचा कुलकर्णी भेटला, फक्त नाव वेगळे होते. हॉइट विल्हेल्म हा मुळात चेंडू फेकणारा. २३ एप्रिल १९५२ रोजी न्यू यॉर्क जायंट्सकडून पहिल्यांदा फलंदाजीला उभा राहिला आणि त्याने होमरन मारला. नंतर तो वीस वर्षे खेळला, १,०७० सामन्यांत उतरला, चेंडूफेकीच्या जोरावर त्या खेळातल्या थोरांच्या दालनात जाऊन बसला. पण दुसरा होमरन त्याच्या बॅटमधून कधीच निघाला नाही. याच्या उलट टोकाला १३ ऑगस्ट २०१६ चा सामना आहे. न्यू यॉर्क यांकीजकडून टायलर ऑस्टिन आणि आरन जज हे दोघे नवखे एकाच दिवशी, एकामागोमाग एक फलंदाजीला आले आणि दोघांनीही पहिल्याच संधीला होमरन मारला. जजने २०२२ च्या एका मोसमात ६२ होमरन मारले. ऑस्टिन पुढे जपानमध्ये खेळायला गेला. त्या दिवशीच्या कागदावर मात्र दोघांच्या नावापुढची नोंद सारखीच आहे.

आपल्याकडे अशा सुरुवातीला शाप मानण्याची एक जुनी सवय आहे. डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर लाला अमरनाथांनी पहिल्याच कसोटीत ११८ धावा केल्या. भारताचे ते पहिले कसोटी शतक. त्यांना दुसरे शतक झाले नाही. १९५२ मध्ये कोलकात्यात दीपक शोधन यांनी ११० केल्या. ते एकूण तीनच कसोट्या खेळले. १९५५ मध्ये कृपालसिंग नाबाद १००, १९५९ मध्ये मँचेस्टरला अब्बास अली बेग ११२, १९६४ मध्ये दिल्लीत हनुमंतसिंग १०५. या पाचही जणांचे पदार्पणातले शतक हेच कारकिर्दीतले एकमेव शतक ठरले. १९६९ मध्ये कानपूरला गुंडाप्पा विश्वनाथ पहिल्या डावात शून्यावर बाद झाला, दुसऱ्या डावात त्याने १३७ केल्या, आणि पुढे आणखी तेरा शतके ठोकली. तेव्हा ‘शाप उतरला’ असे लिहिले-बोलले गेले. शून्याने दृष्ट काढली, असे म्हणणारेही आमच्या पारावर होते.

शापाची गरज नाही, साधे अंकगणित पुरते. समजा, एक हजार खेळाडू आहेत. त्यांतले शंभर खरोखर मोठे, नऊशे सामान्य. पहिल्या प्रयत्नात काही अचाट करून दाखवण्याची शक्यता मोठ्यांची शंभरात सहा आणि सामान्यांची शंभरात दोन धरू. म्हणजे मोठ्यांना तिप्पट झुकते माप दिले. तरी शंभरातून सहा जण निघतील आणि नऊशेंतून अठरा. चोवीस नावांच्या त्या यादीत अठरा सामान्यच असणार. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. वाचकांनी हवे तर बदलून पाहावेत. सामान्यांची संख्या मोठी असेपर्यंत उत्तराचा कल हाच राहतो. हजारो धावांच्या किंवा शेकडो बळींच्या यादीत सामान्य माणसाला शिरता येत नाही, कारण तिथे पोचायला वर्षे लागतात. पहिला चेंडू मात्र प्रत्येकाला एकच मिळतो, तेंडुलकरलाही आणि कुलकर्णीलाही. विक्रमांच्या साऱ्या पुस्तकात एवढेच एक पान असे आहे की जिथे सगळे एका पंगतीला बसतात. मला हे पान आवडते ते त्यासाठीच.

पंगतीतली मराठी नावे पाहू. प्रवीण आमरे हा आचरेकर सरांचा शिष्य. दक्षिण आफ्रिका दोन दशकांच्या बहिष्कारानंतर १० नोव्हेंबर १९९१ रोजी कोलकात्यात परतली, त्या एकदिवसीय सामन्यात त्याचे पदार्पण झाले आणि त्याने ५५ धावा केल्या. वर्षभराने डर्बनला पहिली कसोटी खेळताना १०३. इतकी देखणी दोन पदार्पणे फार थोड्यांच्या वाट्याला येतात. ११ कसोट्यांत ४२.५० ची सरासरी असूनही तो बाहेर गेला, आणि शतक ते एकच राहिले. इथे माझे अंकगणित थोडे अडखळते, कारण बेचाळीसची सरासरी सामान्य माणसाची नव्हे. यादीत नाव येणे नशिबावर असेल. यादीतून पुढे जाणे मात्र बरेचदा निवड समितीच्या टेबलावर ठरते.

अमोल मुझुमदारची गोष्ट याहून टोकाची. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसला होता तो हाच. १९९३-९४ च्या मोसमात रणजीतल्या पहिल्याच सामन्यात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात जगात कुणी इतक्या धावा केलेल्या नव्हत्या. पुढे त्या पातळीवर अकरा हजारांहून जास्त धावा झाल्या, पण भारताची टोपी एकदाही मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा मुख्य प्रशिक्षक हाच मुझुमदार होता.

पृथ्वी शॉने रणजी, दुलीप आणि कसोटी या तिन्ही पदार्पणांत शतके केली. ४ ऑक्टोबर २०१८ रोजी राजकोटला १३४ केल्या तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्यानंतर तो चारच कसोट्या खेळला आहे. मुंबई सोडून तो आपल्या महाराष्ट्राच्या संघात आला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळविरुद्ध महाराष्ट्राकडून रणजीतला त्याचा पहिला डाव शून्याचा निघाला. लगेच पुढच्या सामन्यात चंदीगडविरुद्ध २२२. दोन आठवडेही मध्ये गेले नव्हते. पहिल्या डावावरून मत बनवून बसलेल्यांची यात चांगलीच पंचाईत झाली असणार.

शून्याचे नाव निघालेच आहे तर सांगतो. गावसकरांच्या रणजी कारकिर्दीची सुरुवात शून्याने झाली. तेंडुलकर पहिल्या एकदिवसीय सामन्यात, डिसेंबर १९८९ मध्ये गुजरांवालाला, दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला.

आणखी एक गोष्ट या याद्या लपवतात. ‘पहिला’ हा शब्द धावपुस्तकापुरता खरा असतो. १८ मार्च २०२१ रोजी अहमदाबादला इंग्लंडविरुद्ध सूर्यकुमार यादव आंतरराष्ट्रीय सामन्यात पहिल्यांदा फलंदाजीला आला. समोर जोफ्रा आर्चर, आणि पहिलाच चेंडू सीमारेषेबाहेर, षटकार. बेसबॉलच्या त्या यादीला इतके जवळचे आपल्याकडचे दुसरे उदाहरण मला सापडत नाही. पण त्या दिवशी सूर्यकुमार तीस वर्षांचा होता. मुंबईकडून रणजी खेळू लागून त्याला दहा वर्षे झाली होती, आयपीएलचे कितीतरी मोसम झाले होते. त्या ‘पहिल्या’ चेंडूमागे हजारो चेंडू उभे होते. बेसबॉलमध्येही तसेच आहे. वरच्या स्पर्धेत येण्याआधी पोरगा खालच्या संघांत वर्षानुवर्षे घासून निघालेला असतो.

हे मला इतके महत्त्वाचे वाटते याचे कारण आमच्या भागात आहे. पालमच्या मैदानावर पोरे टेनिसच्या चेंडूवर खेळतात. खरा, शिवणीचा चेंडू अनेकांच्या हाती पहिल्यांदा पडतो तो थेट निवड चाचणीला. तिथे शेकडो मुले आणि एक दिवस. एकाच्या वाट्याला दहा-बारा चेंडू आले तर नशीब. काही वर्षांपूर्वी अशाच एका चाचणीला मी गेलो होतो. सकाळच्या पहिल्या एसटीने आलेला एक मुलगा दुसऱ्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला, पॅड सोडून पुढच्याला दिले आणि दुपारच्या गाडीने परत गेला. त्याच्यापुढच्या मुलाने पहिल्याच चेंडूवर षटकार मारला. त्याच्या नावापुढे खूण झाली. तो चांगला असेलही. पण दोघांबद्दलही दोन चेंडूंवरून जे कळते ते नाणेफेकीतून कळण्यापेक्षा फार जास्त नाही. मुंबईच्या मैदानांवर शालेय वयातच मुलगा शेकडो डाव खेळतो, तिथे एका शून्याने काही बिघडत नाही. मराठवाड्यातून वर जाणारी पोरे कमी नाहीत. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरने ३१ मार्च २०२३ रोजी आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात तीन बळी घेतले. त्याची पहिली चाचणी कुठे नि कशी झाली असेल, याचा विचार तो सामना पाहताना माझ्या मनात आला होता.

आता पुन्हा कोलंबोला, पण त्या चेंडूवर बाद झालेल्या माणसाकडे. मर्वन अटापट्टूची कसोटी कारकीर्द १९९० मध्ये चंदीगडला भारताविरुद्ध सुरू झाली. दोन्ही डावांत शून्य. १९९२ मध्ये दुसरी संधी मिळाली, तेव्हा शून्य आणि एक. १९९४ मध्ये अहमदाबादला तिसरी, पुन्हा दोन्ही डावांत शून्य. सहा डावांत मिळून एक धाव. यापेक्षा वाईट सुरुवात शोधून काढायला वेळ लागेल. श्रीलंकेच्या निवड समितीने तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याला चौथ्यांदा घेतले. म्हणून तर तो त्या संध्याकाळी कुलकर्णीसमोर उभा होता, २६ धावांवर. नंतर त्याने १६ कसोटी शतके केली, त्यांत सहा द्विशतके. पहिले शतक आले ते कुलकर्णीच्या चेंडूनंतर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, भारताविरुद्धच. मैदान होते मोहालीचे, म्हणजे जिथे त्याने दोन शून्यांनी सुरुवात केली त्या चंदीगडला अगदी लागून. धावा १०८.